वेगळं बांधलेलं सॉफ्टवेअर

सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी धारूर येथील निवृत्त अव्वल कारकून आप्पाराव गव्हाणे यांना एक सॉफ्टवेअर फुकट मिळत असल्याचं आढळून आलं. अकरा वाजून आठ मिनिटांनी त्यांनी आपली खुर्ची लॅपटॉपपासून हातभर मागे घेतली.

फुकट म्हटलं की माणूस पुढे सरकतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आप्पाराव मागे सरकले, कारण त्यांची तेहतीस वर्षं महसूल खात्यात गेली होती आणि फुकट मिळालेली वस्तू नंतर किती जणांना समजावून सांगावी लागते, हे त्यांनी पाहिलं होतं. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शालसुद्धा त्यांनी घरी आल्यावर दोनदा झटकून पाहिली होती.

गरज मात्र खरी होती. त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश्वर बत्तीस वर्षांचा झाला होता. नोकरी सरकारी, गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. दोन वर्षांपूर्वी त्याचा लग्नाचा बायोडाटा धोंडीरामच्या ऑनलाइन सेंटरवर तयार झाला होता. वर गणपती, कडेनं निळी महिरप, मधोमध सोमेश्वरचा कोटातला फोटो, सगळं यथास्थित होतं. फक्त नोकरीच्या रकान्यात 'पर्यवेक्षक' हा शब्द ओळीत बसेना, म्हणून धोंडीरामनं तो काढून टाकला होता. 'कळतंय की लोकायला,' असं त्याचं म्हणणं. त्यामुळे जिल्ह्यातल्या नऊ घरांनी जे वाचलं ते असं होतं: उंची पाच फूट सात इंच, वर्ण निमगोरा, नोकरी पशुधन. आठ घरांनी उत्तर दिलं नाही. नवव्या घरातून 'दूध किती देतो' अशी विचारणा झाली. ती चेष्टा असावी, असा आप्पारावांचा अंदाज होता.

दहावं स्थळ लिंबागणेशचं होतं. सुंदरराव मस्के यांची मुलगी रोहिणी, बीडला एका पतसंस्थेत संगणकाचं काम बघणारी. आप्पारावांचे मेहुणे परमेश्वर यांनी हे स्थळ आणलं होतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत बायोडाटा व्हॉट्सॲपवर टाका, गुरुवारी घरचे बसून विचार करणार, असा सुंदररावांचा निरोप होता. आणि धोंडीराम सेंटरला कुलूप लावून नारायणगडाला दर्शनाला गेला होता. मूळ फाइल त्याच्याकडून केव्हाच उडाली होती. उरली होती ती पीडीएफ, म्हणजे जिच्यात काना-मात्रा हलवता येत नाही अशी.

"हातानं लिवा अन् फोटू काढून धाडा की," आप्पारावांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या.

"अभिलेखात चूक असेल तर दुरुस्ती करायची असते. नवा अभिलेख बनवायचा नसतो. त्याला दुसरं नाव आहे," आप्पाराव म्हणाले.

त्या दुरुस्तीच्या शोधात असतानाच ते सॉफ्टवेअर सापडलं. पीडीएफमधली अक्षरं खोडून नवी घालून देणारं. एरवी विकत, पण आजच्या एका दिवसापुरतं सर्वांना मोफत. पानाच्या तळाशी एक घड्याळ उलटं चाललं होतं.

आप्पारावांनी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. वत्सलाबाईंनी शेंगा सोलता सोलता हात थांबवला.

"कावून फुकट वाटायलेत?"

"ते लिहिलेलं नाही."

"न्हाई म्हंजे? निमित्त काय हाय? बारसं हाय, का कुणाचं वर्षश्राद्ध हाय, का इलेक्शन हाय?"

"कंपनी आहे ती, वत्सला."

"मग कंपनीला काय झालंय?"

निमित्ताचा मुद्दा बिनतोड होता. बीड जिल्ह्यात फुकट वाटण्याला कुणाचाच विरोध नाही. सप्त्याची पंगत असते, बारशाचे पेढे असतात, मतदानाआधीच्या साड्या असतात. पण प्रत्येक वाटपाला निमित्त असतं, घेणाऱ्याला ते माहीत असतं आणि नंतर तो त्याप्रमाणे वागतो किंवा वागत नाही. निमित्त न सांगता वाटणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर घरच्यांनी सोडून दिलेला वेडा. कंपनी या दोन्हीत बसत नव्हती.

आप्पारावांनी कपाटातून पुठ्ठ्याची फाइल काढली आणि वर लिहिलं: 'विषय: मोफत सॉफ्टवेअर स्वीकारण्याबाबत.' मग ते अभिप्राय मागवायला निघाले.

पहिला अभिप्राय शेजारच्या नाथाचा. नाथा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाला होता आणि कुठल्याही यंत्राकडे खांबाकडे बघावं तसं खालून वर बघायचा.

"भाऊसाहेब, बाकीचं सोडा. आदी करंट कुटून येयलाय ते बघा," तो म्हणाला. "ही लिंक कुणी धाडली तुमाला?"

"कुणी नाही. मी शोधली."

"कंपनीच्या सोताच्या पानावर हाय, का भलत्याच्या?"

नाथा घरी आला. पत्त्यातलं कंपनीचं नाव त्यानं पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. "बरुबर हाय. एक अक्षर इकडचं तिकडं असलं की समजायचं, आकडा टाकलेला हाय. मागल्या साली मी फोन साफ करायचं फुकट घेतलतं. ग्रुपवर आलतं कुणाचं तरी. फोन काय साफ झाला न्हाई, पर तवापासून आरती लावली की मधीच एक बाई येती अन् रमी खेळा म्हणती. आमची मंडळी आता तिला वळखती. काल म्हणली, आज तिनं साडी बदलली."

आप्पारावांनी टिपणी लिहिली: 'पत्ता कंपनीचाच. ओटीपी मागत नाही. बँक खाते मागत नाही. सकृद्दर्शनी आक्षेपार्ह काही नाही.' पण सकृद्दर्शनीवर फाइल बंद करण्याची त्यांना सवय नव्हती.

दुसरा अभिप्राय निवृत्त पोलीस जमादार सटवा यांचा. ते किल्ल्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी बसतात आणि अजूनही लोक त्यांच्यासमोर उभे राहून बोलतात.

"फसवणूक झाली का?" सटवांनी विचारलं.

"अजून नाही."

"मंग?"

"होईल का, ते विचारायला आलो."

"आदी होऊ द्या, भाऊसाहेब. न घडलेल्या गुन्ह्याला कलम कोणतं लावू मी?"

आप्पारावांना हे पटलं, हीच पंचाईत होती. त्यांनी स्वतः कितीतरी अर्ज 'कारण अद्याप उद्भवलेले नाही' असा शेरा मारून परत केले होते.

"पन येक सांगून ठिवतो," चहाचा शेवटचा घोट घेत सटवा म्हणाले. "लबाड माणूस घाई करतो. आत्ताच घ्या, आजच घ्या. जिथं घाई दिसल तिथं पाय गाळात घालू नका."

आप्पारावांच्या डोळ्यांपुढे ते उलटं चालणारं घड्याळ उभं राहिलं. त्यांनी ठरवलं की आपण अजिबात घाई करायची नाही.

दुपार अटी वाचण्यात गेली. अकरा पानं, इंग्रजी, शेजारी सोमेश्वरचा कॉलेजातला शब्दकोश. या अकरा पानांवर जगात रोज लाखो माणसं 'वाचलं, मान्य आहे' असं खोटं सांगतात. आप्पाराव बहुधा ते खरं सांगणारे पहिलेच असावेत. त्यांनी सार काढलं. वापर फक्त वैयक्तिक, व्यावसायिक नाही. पुढच्या सुधारित आवृत्त्या फुकट मिळणार नाहीत. आणि उतरवून घेणं व नोंदणी, दोन्ही त्याच दिवशी. ही शेवटची ओळ त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केली.

वैयक्तिक वापराच्या अटीवर घरात थोडी चर्चा झाली.

"सोयरीक म्हंजे येव्हारच की," वत्सलाबाई म्हणाल्या.

आप्पारावांनी थोडा विचार केला आणि समासात लिहिलं: 'हुंडा घेणार नसल्याने वैयक्तिक.'

सायंकाळी पाच वाजता डाउनलोड झालं. त्याआधी 'मी यंत्रमानव नाही' असं स्वयंघोषणापत्र द्यावं लागलं. साक्षीदार मागितले नाहीत, हे आप्पारावांना खटकलं. मग त्यांनी तिसऱ्या अभिप्रायासाठी सोमेश्वरला फोन लावला. सोमेश्वर तेव्हा एका जर्सी गाईच्या कानात बिल्ला बसवत होता आणि फोन खांदा नि गालाच्या मधे धरून होता.

"आप्पा, नवं जनावर बाजारातनं आणलं की लगेच दावणीला बांधतेत का? वेगळं बांधायचं. खातंय का, खोकतंय का, दोन दिवस बघायचं. हे बी तसंच," तो म्हणाला. तेवढ्यात गाईनं मान हिसडली आणि फोन बंद झाला.

आपल्याला फक्त 'अँटिव्हायरसनं तपासून घ्या' एवढंच म्हणायचं होतं, असं सोमेश्वरनं नंतर सांगितलं. पण आप्पारावांच्या दृष्टीनं तो सक्षम अधिकाऱ्याचा तांत्रिक अभिप्राय होता, आणि सक्षम अधिकाऱ्यानं 'दोन दिवस' म्हटलं होतं.

अंमलबजावणी चोख झाली. फाइल पेनड्राइव्हवर घेतली. लॅपटॉपवरून पुसली. पेनड्राइव्हला दोरा बांधून तो पडवीतल्या खिळ्याला लटकवला, लॅपटॉप, मोबाइल आणि टीव्हीच्या रिमोटपासून लांब. मंगळवारच्या नोंदी फाइलीत आहेत. 'सकाळी ८: स्थिर. दुपारी १२: स्थिर. दुपारी ४: एक मुंगी आढळली, झटकली.' नाथा दोनदा येऊन हात लावून गेला.

"गरम लागंना. मंजे बरं हाय," तो म्हणाला.

हे काय टांगलंय म्हणून येणारे-जाणारे विचारत होते. वत्सलाबाई त्यांना "नजरेचं हाय" असं सांगत होत्या, कारण खरं सांगायची त्यांना लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी दहा वाजता पेनड्राइव्ह सोडून आत आणला, अँटिव्हायरसनं तपासला आणि निरोगी ठरवला. इथे हे नोंदवणं भाग आहे की सॉफ्टवेअर अस्सल होतं. कंपनी खरी होती. आत जंतू नव्हता, रमी खेळणारी बाई नव्हती. देणाऱ्यानं जसं सांगितलं होतं तसंच दिलं होतं. फक्त नोंदणीचं बटण दाबल्यावर उत्तर आलं: मोफत योजना सोमवारी संपली.

आप्पारावांनी पुठ्ठ्याची फाइल उघडली. 'त्याच दिवशी' ही अट त्यांनीच लाल शाईनं अधोरेखित केली होती. पण ज्या कचेऱ्यांत त्यांची हयात गेली, तिथं 'आजच्या आज' असा शेरा असलेला कागद तिसऱ्या दिवशी बाहेर पडला तर त्या कारकुनाचं कौतुक होतं. कंपनीनं 'त्याच दिवशी'चा अर्थ त्याच दिवशी असा लावला होता. हा आप्पारावांच्या मते निव्वळ अतिरेक होता.

सुदैवानं खाली आणखी एक बटण होतं. ट्रायल म्हणून वापरा, तीस दिवस. आप्पारावांनी ते दाबलं. काम झकास झालं. 'पशुधन'पुढे त्यांनी बारीक अक्षरांत 'पर्यवेक्षक' बसवलं, आणि दोन वर्षांनी सोमेश्वर पुन्हा माणसात आला. त्यांनी फाइल जतन केली. जतन केल्यावर ती पुन्हा उघडून पाहिली नाही, कारण सही झालेला कागद पुन्हा वाचायचा नाही, हा त्यांचा नियम होता. वाचला की चूक सापडते.

चार वाजून चाळीस मिनिटांनी बायोडाटा सुंदररावांना आणि परमेश्वर यांना रवाना झाला. परमेश्वर यांनी तो न उघडता सोयऱ्यांच्या एकशेचाळीस जणांच्या ग्रुपवर टाकला. चार बावन्नला त्यांचा फोन आला.

"दाजी, पोरगं ट्रायलवर काढलं का काय?"

"काय म्हणतोस?"

"आवो, फोटूवर लिवलंय. बघा तरी."

आप्पारावांनी पाहिलं. सोमेश्वरच्या उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत, निवडून आलेल्या उमेदवाराच्या शेल्यासारखी, करड्या रंगात मोठी इंग्रजी अक्षरं होती: 'ट्रायल व्हर्जन'. तळाशी एक बारीक ओळ होती: 'तीस दिवस शिल्लक. पूर्ण आवृत्तीसाठी संपर्क साधा.' आणि त्या ओळीच्या बरोबर खाली, धोंडीरामनं दोन वर्षांपूर्वी टाकलेला, आप्पारावांचा मोबाइल नंबर.

संपर्क साधला जाऊ लागला. केजच्या एका साडूंनी तीस दिवसांनी गडी बंद पडतो का, असं विचारलं. अंबाजोगाईहून कुणी तरी पूर्ण आवृत्तीत काय जास्त मिळतं, याची चौकशी केली. परळीचे एक गृहस्थ खरंच गंभीर होते. त्यांना वाटलं, ही नवी सरकारी योजना आहे.

आप्पारावांनी तो संदेश पुसून टाकला. तो फक्त त्यांच्या एकट्याच्या फोनमधून पुसला गेला. वीस मिनिटं ते निश्चिंत होते. मग नाथानं येऊन स्वतःच्या फोनवर तोच बायोडाटा दाखवला. "हे आमच्या इहिणीच्या ग्रुपवर आलंय," तो म्हणाला, आणि हसू येऊ नये म्हणून पडवीतल्या मीटरकडे बघत राहिला.

तेव्हा आप्पारावांनी शेवटचं हत्यार काढलं. शुद्धिपत्रक. 'सोबतच्या बायोडाटामध्ये "ट्रायल व्हर्जन" असे जे छापले आहे, त्याऐवजी काहीही नाही असे वाचावे. "तीस दिवस" याऐवजी "आजन्म" असे वाचावे. नोकरीबाबतचा मजकूर बरोबर आहे.' खाली सही, दिनांक आणि जावक क्रमांक एक.

ते पाठवून झाल्यावर त्यांनी मान वर केली. वत्सलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि आप्पारावांना तेच जड गेलं.

"बत्तीस वर्षांचं पोरगं हाय. दोन वर्सं जनावर म्हणून हिंडिवलं. आता ट्रायल. त्याला माणूस कवा करणार हाव तुमी?"

तेहतीस वर्षांत प्रथमच एखाद्या प्रकरणावर त्यांना शेरा सुचला नाही. सोमेश्वर घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं हातपाय धुतले, पानावर बसला आणि आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी वडिलांच्या ताटात ठेवली, कारण ते जेवत नव्हते.

गुरुवारी साडेअकरा वाजता सुंदररावांचा फोन आला. आप्पारावांनी तो स्पीकरवर ठेवला. नकार ऐकायचा तर सगळ्यांनी एकदमच ऐकावा, म्हणजे पुन्हा सांगावा लागत नाही.

"रामराम पाव्हणं."

"रामराम. शुद्धिपत्रक मिळालं का?"

"मिळालं. दोन्ही वाचलं. आमच्या आईला बी वाचून दावलं, मुक्ताबाईला. ती म्हणली, आमच्या टायमाला आशी सोय नव्हती, न्हाई तर म्या तीस दिवसांत परत केलं असतं तुज्या बापाला." सुंदरराव खाकरले. "आता आमच्या पोरीला तुमच्याशी बोलायचंय. म्या नको म्हणलं. पर तिनं फोन घेतलाच."

"काका, नमस्कार," रोहिणीचा आवाज आला. "हे सॉफ्टवेअर मला माहीत हाय. सोमवारी फुकट होतं. तवाच कावून चालू केलं न्हाई?"

"सोमवारीच घेतलं होतं. पण वेगळं बांधून ठेवलं होतं."

"काय केलं?"

आप्पारावांनी सांगितलं. खिळा, दोरा, नोंदी, मुंगी, सगळं क्रमवार सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडे कुणी तरी फोन उशीत दाबून धरल्यासारखं वाटत होतं.

"मग खोकलं का?" शेवटी तिनं विचारलं.

"कोण?"

"पेनड्राइव्ह."

"नाही. स्थिर होता."

"वेगळं बांधा म्हणून सांगितलं कुणी?"

"सोमेश्वरनं. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, असं तो आता म्हणतो."

मग ती म्हणाली, "काका, आमच्याकडं आठवड्याला दोघं-तिघं येतेत. फुकट काही तरी लागलं म्हणून कुणाला तरी नंबर सांगून बसलेले. काही जण तिथंच रडतेत. फुकटची वस्तू पडवीत थांबवून ठेवणारं घर मी पहिल्यांदा बघितलं."

हे कौतुक आहे की काय, हे आप्पारावांना ठरवता येईना.

"ट्रायल तीस दिवसांची हाय ना?" रोहिणी म्हणाली. "मग चालू करते मी. नंबर द्या. तुमचा न्हाई, त्यांचा."

"ए पोरी!" मागून सुंदररावांचा आवाज आला.

"दादा," रोहिणी वडिलांना म्हणाली, "मी अटी वाचल्यात. मधीच बंद करता येतं. पैसे पडत न्हाईत. अन् घ्यायचंच असं बंधन न्हाई."

आप्पारावांनी नंबर दिला. शेवटचे तीन आकडे वत्सलाबाईंनीच पुढे होऊन सांगितले.

त्यानंतरची माहिती तुटक आहे. रोज सायंकाळी सहा ते सात सोमेश्वरचा फोन व्यस्त लागतो. काय बोलणं होतं, हे त्यानं घरात सांगितलेलं नाही. आप्पारावांनी दैनंदिन नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी ती फाइल उचलून ज्वारीच्या कणगीमागे टाकली.

काल, म्हणजे आठव्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुंदरराव मस्के सोमेश्वरच्या दवाखान्यात एक म्हैस घेऊन आले. लिंबागणेशहून टेम्पोत घालून. वाटेत गुरांचे तीन दवाखाने लागतात. सोमेश्वरनं म्हशीला अर्धा तास तपासलं. ताप नव्हता, रवंथ व्यवस्थित होतं, डोळे स्वच्छ होते. तो तपासत होता तेवढा वेळ सुंदरराव म्हशीकडे पाहत नव्हते. नोंदवहीत 'प्रकृती उत्तम' असा शेरा पडला. आजाराचा रकाना कोरा राहिला. जाताना सुंदररावांनी उद्या सुट्टी आहे का, एवढंच विचारलं. सोमेश्वर नाही म्हणाला.

आज सकाळी साडेदहाला टेम्पो पुन्हा आला. या वेळी दुसरी म्हैस आहे, आणि टेम्पोत पुढच्या बाजूला रोहिणी बसून आली आहे. म्हशीला काय झालं आहे, हे दुपारी एक वाजेपर्यंत समजू शकलेलं नाही. तपासणी चालू आहे.